अक्रोडाच्या टरफलांवरचा दिवा

आमच्या कारखान्यातले भट्टीवाले तात्या बोलके होते, पण कुठलाही विषय निघाला तरी गाडी एकाच वाक्यावर येई: "भट्टी गार झाल्याशिवाय दार उघडायचं नाही." अक्रोडाची टरफलं हवा लागू न देता भाजायची, तो कोळसा पोटॅश घालून पुन्हा तापवायचा, धुवायचा आणि पातळ पत्र्यावर लेपायचा. त्याचे इलेक्ट्रोड वीज साठवणाऱ्या सेलमध्ये जात. तापलेल्या कोळशाला हवा लागली, की त्याची राख.

तात्यांना थोरल्या बहिणीनं वाढवलं, लोकांचे अक्रोड फोडून. "मी जन्मभर टरफलं फेकली, आणि तू त्यांच्यावर साहेब झालास," ताई चिडवायची. तुझ्याच टरफलांवर दिवा लावून दाखवीन, असा तात्यांनी तिला शब्द दिला होता. तिनं फोडलेल्या अक्रोडांच्या टरफलांचं शेवटचं पोतं त्यांनी जपलं होतं. आज करू, उद्या करू, यात वर्षं गेली.

मग ताईची नजर अधू झाली. डॉक्टरांनी सांगितलं, आता फार दिवस दिसणार नाही. दुसऱ्याच दिवशी ते सगळं पोतं भट्टीत गेलं. दुपारी तात्यांनी दाराच्या कडीला हात घातला.

"तात्या, अजून तापलेली आहे," मी म्हणालो.

"मला शिकवताय?"

तबक बाहेर आलं. काळ्या कोळशाच्या कडेनं एक लाल रेघ सरकत गेली. तात्यांनी तबक आत ढकललं, दार लावलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. संध्याकाळी तबकात करडी राख होती.

ताईचं अक्रोड फोडणं केव्हाच सुटलं होतं. कारखान्यातला साठाही संपला होता; बाजारची टरफलं पुढच्या हंगामात आली. सेल तयार होईपर्यंत ताईला दिसायचं पार थांबलं होतं.

तरी तात्या दिवा घेऊन गेले. मी सोबत होतो.

"माझ्या टरफलांवर ना रे?"

"नाही ताई. तुझी मी जाळून टाकली. घाई केली."

"तू? आणि घाई?" ताई खुदकन हसली. मग तिनं हात पुढे केला. तात्यांनी तिची बोटं दिव्याभोवती धरली.

"ऊब लागत नाही रे."

"या दिव्याला ऊब नसते, ताई."

"मग लागलाय, हे मला कळायचं कसं?"