लवू परबाची चौथ्या मजल्यावरची शेती

काळाचौकीतल्या आमच्या चाळीच्या गच्चीवर लवू परबाची शेती आहे. शेती म्हणजे तीन बकऱ्या आणि मधमाश्यांची एक पेटी. जमीन एक इंच नाही, पण तोरा सातबारा नावावर असल्याचा. कुरिअर कंपनीतून निवृत्त झाल्यापासून हा चार मजले गवताचे भारे चढवतो. त्याने अक्कल गहाण टाकलीय असं सगळ्या चाळीचं मत, आणि त्याच्या बायकोचं, लक्ष्मीवहिनींचं, आमच्याही आधीपासून.

फाल्गुनात माश्या राणीच्या बागेत चरून येतात, मध निघतो, तेव्हा लवूची ऐट बघवत नाही. वैशाखात ताडपत्रीखाली बकऱ्या धापा टाकतात आणि हा त्यांना ओल्या फडक्याने पुसतो. वहिनींना कधी वारा घातल्याचं ऐकिवात नाही. आषाढात बकऱ्या जिन्याखाली येतात, चाळ नाक धरून चालते. श्रावणात फुलं कमी, म्हणून माश्यांना साखरेचं पाणी. भाद्रपदात बकऱ्यांची चंगळ. गेल्या वर्षी एकीने दूर्वांची जुडी देवाच्या आधी खाल्ली.

यंदा चाळीने ठराव केला: लवू सोडून कुणालाही एक जरी माशी चावली, तर शेती गच्चीवरून खाली, कायमची. पहिली सही लक्ष्मीवहिनींची.

आणि हा शहाणा मंडपाच्या कामात माश्यांना पाणी द्यायचंच विसरला. उपाशी माश्या पेटी सोडून उठल्या आणि ऐन आरतीच्या वेळी मंडळाच्या गणपतीच्या कानाला घोस करून लोंबकळल्या. सेक्रेटरी वैभव औषधाचा फवारा घेऊन धावला. लवूने त्याला कोपराने बाजूला सारलं.

"हात लावशीत तर बघ! सगळ्यांनी गप रवा. आवाज नको."

रिकामी पेटी घेऊन तो स्टुलावर चढला. एका हाताने पेटी घोसाखाली धरून दुसऱ्या उघड्या हाताने तो माश्यांना गोंजारत आत वळवू लागला. मला पहिल्यांदाच त्याची कीव आली. घोस हळूहळू सुटायला लागला. पण आमच्याकडे दरवर्षी देवाला गाऱ्हाणं लवूच घालतो. देवाच्या इतक्या जवळ गेल्यावर सवयीने तोंडातून निघालंच, "बा देवा म्हाराजा, तुझो कान मोकळो कर रे म्हाराजा!"

मागून साठ जणांनी तितक्याच सवयीने आरोळी ठोकली, "व्हय म्हाराजा!"

माश्या भणाणल्या. मी टेबलाखाली गेलो, तिथे वैभव आधीच होता. लवू मात्र राणीमाशीसकट घोस पेटीत घालूनच खाली उतरला. बाकीच्या माश्या तिच्या मागोमाग आत गेल्या.

वैभव बाहेर आला आणि एकेकाला विचारत सुटला, "चावली का? बोला, घाबरू नका!" सगळे अंग चाचपून नाही म्हणाले. मग तो वहिनींसमोर थांबला. त्या आरतीचं ताट धरून उभ्या होत्या आणि डावा डोळा सुजून बंद झाला होता. लवूचं तोंड उतरलं.

"वहिनी, हे काय?"

"रांजणवाडी."

"अहो, सकाळी तर नव्हती!"

"सकाळी तू माझ्या डोळ्यांत बघत बसला होतास? मेल्या, बायको आहे ना तुला? चल, आरती सुरू कर. हात दुखायला लागले."

आरती सुरू झाली. त्या डोळ्यातून पाण्याची धार लागली होती, पण ताट हललं नाही. आणि लवू देवाकडे चक्क पाठ करून, वहिनींकडे बघत आरती म्हणत होता.