आईने काढून टाकलेली पिशवी

आई माझ्याकडे इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला राहते. गेल्या महिन्यात किचनमध्ये तिचा तोल गेला, हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने मोडलं म्हणून हाडांचा स्कॅन झाला. हाडं पार ठिसूळ निघाली. क्लिनिकमधल्या तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं, पाळी कधी थांबली? दुभाषी मीच.

“चौतिसाव्या वर्षी पिशवी काढली. आजूबाजूचंही सगळं. आमचे डॉक्टर म्हणाले, दोन मुलं झाली, आता कशाला ठेवायचं?”

हे ती नेहमी जरा तोऱ्यातच सांगते. आमच्याकडे पिशवी काढणं म्हणजे सुटका. गर्भाशय कुणी म्हणत नाही. पिशवी म्हटलं की टाकून द्यायला सोपं जातं.

डॉक्टरबाई लिहिता लिहिता थांबल्या. अंडाशय काढले की इस्ट्रोजेन जवळपास संपतं, त्या सांगू लागल्या, आणि हाडं, रक्तवाहिन्या त्याच्याच राखणीत असतात. इतक्या लहान वयात काढल्यावर निदान पन्नाशीपर्यंत तरी हॉर्मोन्स द्यायला हवी होती. मी आईला मराठीत सांगितलं.

“मग आता द्या म्हणावं.”

आता सत्तरीत सुरू केलं तर रक्ताच्या गुठळ्यांची, पक्षाघाताची भीती, डॉक्टरबाई म्हणाल्या. हाडांसाठी दुसरं औषध मिळेल, पण गेलेलं सगळं काही भरून येणार नाही. माझा संताप संताप झाला, पण काढायचा कुणावर? समोरच्या बाईंचा काय दोष?

बसमध्ये आई एकदम म्हणाली, “नागपूरला फोन लाव.” माझ्या मावशीच्या सुनेचं तेच ऑपरेशन ठरलं होतं. तिची अजून चाळिशीही झालेली नाही. मी स्पीकरवर लावला. दुसऱ्या डॉक्टरांना दाखव, म्हटलं, गोळ्यांनी भागतं का बघ, निदान अंडाशय तरी राहू देत.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. “ताई, तिकडे तुमच्याकडे सगळं वेगळं असतं हो. इथे माझ्या दोन्ही जावांनी काढलंय. आणि मी घाबरत होते, तर मावशींनीच, तुमच्या आईनेच, मला धीर दिला. त्यांच्याकडे बघूनच तयार झाले मी.”

आईने चांगल्या हाताने फोन ओढून घेतला. “अगं, मी तुला चुकीचं सांगितलं. माझी हाडं गेली बघ त्यापायी.”

“तुम्ही पडलात ना मावशी, म्हणून मोडलं. या वयात व्हायचंच,” ती मायेने म्हणाली. “माझी काळजी करू नका. उद्या सकाळी ॲडमिट होतेय.”