भोंगा ऐकू येतो तिथवर

बाई गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही. ती मलाच सगळ्यांना द्यावी लागली. भोपाळमधल्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपच्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्यांचा मोबाइलवर ग्रुप आहे. हॉस्पिटलच्या पायरीवर बसून मी त्यावर लिहिलं, 'सबनीस मॅडम आज दुपारी गेल्या.' घटकाभरात उत्तरं यायला लागली... पुण्याहून, बंगळुरूहून, मस्कतहून, कॅनडातून. आणि काय सांगू, रडता रडता मला हसू फुटलं, कारण बहुतेकांनी एकच वाक्य लिहिलं होतं. बारावीच्या फेअरवेलला बाई दरवर्षी सांगायच्या ते : 'कारखान्याचा भोंगा ऐकू येणार नाही, इतक्या लांब जा.' लिहिणारे सगळे गेले होते. वाचणारी मी तेवढी टाउनशिपला लागूनच्या सोनागिरीत राहणारी, रोज भोंगा ऐकणारी.

आमची टाउनशिप भोंग्यावर चालायची. सकाळच्या भोंग्याला दूध उतू जायचं, संध्याकाळच्या भोंग्याला रस्ते सायकलींनी भरून जायचे. बाई पुण्याच्या, त्यांचे यजमान, म्हणजे साहेब, कारखान्यात इंजिनीयर, आणि बाई शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. आमचं घर नागपूरकडचं, त्यात भोपाळचं पाणी लागलेलं. मी 'येऊन राहिली आहे' म्हटलं की बाई कपाळाला हात लावायच्या. त्यांची हिंदी मात्र आमच्या मराठीहून भयंकर! 'तुम लोगों को भोंगा सुनाई नहीं देना चाहिए, इतना दूर जाओ रे बाबा,' असं त्या स्टेजवरून बजावायच्या, आणि बिहारकडची पोरंसुद्धा त्याला भोंगाच म्हणायला लागली होती. बापाचं क्वार्टर, बापाची सायकल, बापाच्या ओळखीनं नोकरी... तुमचं स्वतःचं काय रे त्यात, असं त्या विचारायच्या. पोरं मान खाली घालायची आणि खरंच जायची.

मलाही पुण्याला जायचं होतं. म्हणजे बाईंनी तसं ठरवलं होतं. मार्क चांगले होते, कॉलेज ठरलं होतं, राहायची सोय बाईंच्या बहिणीकडे. मी त्यांच्या क्वार्टरवर गेले आणि सांगितलं, मी जात नाही. बाईंनी लगेच पदर खोचला. "घरचे नाही म्हणतात? चल, मी बोलते तुझ्या वडिलांशी." मी म्हटलं, "नाही बाई, ते तर जा म्हणतात. मलाच नाही जायचं. मला इथं आवडतं." "आवडतं? काय आवडतं गं इथं?" शिफ्ट सुटल्यावरची सायकलींची झुंबड आवडते, असं रसायनशास्त्राच्या बाईंना कसं सांगायचं! त्या दिवशी त्यांनी मला चहासुद्धा विचारला नाही.

पुढे मी इथंच शिकले आणि त्याच शाळेत, त्याच प्रयोगशाळेत, बाईंच्या हाताखाली शिक्षिका म्हणून लागले. पहिल्या दिवशी त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आलीस? बरं. ते ब्युरेट धुऊन ठेव." एवढंच स्वागत. काम त्यांनी मन लावून शिकवलं, त्यात खोट नाही. पण दर फेअरवेलला ते वाक्य आलं की शिक्षकांच्या रांगेत बसलेली मी आपल्या चपलांकडे बघत बसायची. एखादं आगाऊ पोरगं हसत विचारायचंच, "मॅडम, आप तो नहीं गईं?" मीही हसायचे, पण लागायचं. बाईंनी एकदा, फक्त एकदा, म्हणावं, राहिलीस ते बरं केलंस... एवढंच मला हवं होतं. वर्षानुवर्षं मी त्या एका वाक्याची वाट पाहिली.

बाई निवृत्त झाल्या, साहेब गेले, क्वार्टर सुटलं. सोनागिरीत त्यांनी छोटं घर घेतलं होतं, तिथं राहायला आल्या. मग मुलगा निखिल त्यांना पुण्याला घेऊन गेला. चला, मी म्हटलं, शेवटी बाईही भोंग्यापलीकडे गेल्या. तर दिवाळीला गेलेल्या बाई होळीच्या आत परत! स्टेशनवर मीच घ्यायला गेले. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "अगं, निखिल चांगला आहे, सूनही चांगली आहे. पण तिथं दिवस कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो तेच कळत नाही. खोलीखोलीत घड्याळं लावलीत, पण विश्वास कशावर ठेवायचा?" मग माझ्याकडे वळून, दबक्या आवाजात, "पोरांना सांगू नकोस हं. नाक कापलं जाईल माझं." मी हसले, त्याही हसल्या. इतक्या वर्षांत आम्ही दोघी पहिल्यांदाच बरोबर हसलो.

त्यानंतर शाळा सुटली की मी त्यांच्याकडे जायची. बाहेरच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ रोज मागे पडायचं. संध्याकाळचा भोंगा झाला की बाई स्टुलावर चढून काटा पुढे करायच्या आणि मग चहा टाकायच्या. "नवीन घ्या की," मी म्हणायची. "कशाला? भोंगा आहे ना!" एकदा धीर करून विचारलंच, "बाई, अजून राग आहे माझ्यावर?" चहा गाळता गाळता म्हणाल्या, "आहे तर! तू स्टेशनवर आलीस म्हणून माझं म्हणणं चुकीचं ठरत नाही. जाणाऱ्याला कुणीतरी ढकलावं लागतं. राहणारा काय, राहतोच." मी माझा कप पुढे केला.

शेवटी त्यांना साकेत नगरच्या बाजूच्या हॉस्पिटलात ठेवलं. तिथं भोंगा पोहोचत नाही. संध्याकाळ झाली की त्या खिडकीकडे बघत राहायच्या. "झाला का गं?" "काय, बाई?" "भोंगा." मी म्हटलं, "इथं नाही येत ऐकू." त्या म्हणाल्या, "मग घरी ने मला." मी डॉक्टरांच्या मागे लागले, हात जोडले, पण या अवस्थेत हलवता येणार नाही म्हणाले. त्यांचंही बरोबरच होतं. तरी ते दुःख माझ्या मनातून जात नाही... शेवटच्या संध्याकाळी भेटायची वेळ संपली, सिस्टर दारात येऊन उभी राहिली, मी पिशवी उचलली. बाईंनी माझी ओढणी धरली. "जाऊ नकोस," म्हणाल्या.

जन्मभर सगळ्यांना जा म्हणणाऱ्या बाई! मी पिशवी खाली ठेवली. सिस्टर दार ओढून घेऊन निघून गेली. सकाळी निखिल पोहोचला, मायलेकरांची भेट झाली, आणि दुपारी बाई गेल्या. भोंगा ऐकू येत नाही अशा जागी गेल्या. ग्रुपवर कुणीतरी विचारलं, मॅडम शेवटी काय म्हणाल्या? मी उत्तर दिलं नाही. ते 'जाऊ नकोस' मला मिळालेलं होतं, मी वाटणार नव्हते.

मागच्या आठवड्यात शाळेचं फेअरवेल झालं. प्राचार्यांनी मला बोलायला उभं केलं. मी बाईंचं वाक्य होतं तसं, त्यांच्याच हिंदीत म्हटलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या रांगेत एक मुलगी तेवढी ओढणीचं टोक पिळत खाली बघत बसली होती. मी खाली बसणार होते, पण तोंडातून निघून गेलं, "और जिसका मन यहीं लगता है, वो रुक जाए." तिनं मान वर केली. बाई असत्या तर स्टाफरूममध्ये माझी अशी खरडपट्टी निघाली असती की विचारू नका.

घराचं काय करायचं ते निखिलचं अजून ठरत नाही. किल्ली माझ्याकडे आहे. शाळा सुटली की पाय तिकडेच वळतात. घड्याळ रोजच्यासारखं मागे पडलेलं असतं. मी स्टूल ओढून वाट बघत बसते, आणि भोंगा झाला की चढून काटा पुढे करते. मग त्या रिकाम्या खोलीत मोठ्यानं सांगते... नाही गेले, बाई.