चार सुतांची फासळी

आदरणीय दिगंबरराव गुरुजींचा व माझा परिचय नेकनूर येथील माझ्या सुतारकामाच्या दुकानात झाला. पाटोद्याच्या शाळेतून विज्ञान शिक्षक म्हणून निवृत्त झालेले गुरुजी कागदाची गुंडाळी घेऊन आले व म्हणाले, "मिस्त्री, विमानाच्या पंखांच्या फासळ्या करायच्या आहेत." पहिल्या महायुद्धातील दुपंखी लढाऊ विमानाची, एक माणूस बसेल एवढी प्रतिकृती ते आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतः बांधीत होते. माझे शिक्षण चौथीपर्यंत झालेले आहे. तथापि लाकडाचे माप मला समजावून सांगण्याची वेळ कोणावर आलेली नाही.

सर्व फासळ्या मी मुदतीत पोहोचविल्या. गुरुजींनी त्या कापसाच्या काट्यावर तोलल्या. वजन दुप्पट भरले. पाहण्यास जमलेल्यांपैकी माझा शेजारी भगवान म्हणाला, "काय बे मिस्त्री, इमान हाय का बैलगाडी? बैल कुठं जुपायचे ते तरी सांग!"

दुसरा म्हणाला, "चौथी शिकल्याला नकाशा कळतोय व्हय!"

मंडळी हसली. गुरुजींनी मापाचा कागद घडी करून खिशात ठेवला व म्हणाले, "त्यांना हसू नका. माप मीच चुकीचं लिहून दिलं."

मी फासळ्या नव्याने करून दिल्या. जुन्यांपैकी एक गुरुजींनी शेडच्या भिंतीवर टांगली व खाली चिठ्ठी लावली : 'माझ्या मापाची चूक.' येणाऱ्या प्रत्येकास ते ती दाखवितात.

गेल्या दसऱ्यास पालीच्या माळावर विमान धावविले. उडवायचे नव्हतेच, वेग घेताच शेपूट जमीन सोडते का, एवढेच पाहावयाचे होते. ते वीतभर उचलले गेले. गुरुजी उतरून थेट माझ्याकडे आले. "मिस्त्री, तुमच्या फासळ्यांनी उचललं बघा!" मी पंखावरची धूळ पुसू लागलो.

त्याचे उत्तर आज, गुरुजींच्या या गौरवप्रसंगी देतो. त्या मापाच्या कागदावर दोन सूत, म्हणजे पाव इंच जाडी स्वच्छ लिहिलेली होती. मी ती वाचली होती. जन्मभर बैलगाड्या केल्या. ज्यावर माणूस बसणार ते इतके पातळ करण्यास हात धजावला नाही. मी चार सूत ठेवली. गुरुजींना हे त्याच दिवशी ठाऊक होते.

गुरुजींपेक्षा मी चार वर्षांनी वडील आहे. त्या अधिकाराने आशीर्वाद देतो की, त्यांनी शतायुषी व्हावे, निरोगी राहावे, हात व दृष्टी शाबूत राहावी. आणि विनंती करतो की, भिंतीवरील चिठ्ठी आजच बदलावी. चूक माझी आहे. तिच्याखाली नाव माझे असावे.