बॉनेटखालचं खळं

आमच्या मळवलीचा उंदीर म्हणजे शहरातल्या गटारीतला किडकिडीत उंदीर नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या इंद्रायणी भातावर पोसलेला गडी आहे तो. बांधावरून निघाला की समोरून येणारं मांजर घसा खाकरून बाजूला होतं. एकदा एकाला मी काठी दाखवली, तर त्याने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी तीच काठी टेकत घरी आलो.

यातलं अर्धं सोडून द्या. पूर्वी ते अर्धं आमची मंडळीच सोडवून द्यायची. मी कुणापुढे रंगात आलो की ती माझ्या पाठीमागे उभी राहून समोरच्याला खूण करायची. मी दहा हात लांब साप सांगितला की तिचे तळहात जवळ जवळ येत वीतभर अंतरावर थांबायचे. मला हे ठाऊक होतं. म्हणून मी साप मुद्दाम आणखी वाढवायचो, म्हणजे तिच्या कात्रीतून निघाल्यावर तो मापात यावा. गेल्या पावसाळ्यात ती गेली. तेव्हापासून माझे साप वाढतच चाललेत, आणि ऐकायला माणूस नाही.

घराच्या दोन्ही अंगांना मुंबईवाल्यांचे बंगले. शुक्रवारी उजळतात, रविवारी विझतात. मधल्या दिवसांत आमच्या वस्तीत आवाज करणारे दोघेच, त्यांच्या पोहण्याच्या तलावाची मोटर आणि मी. मुलगा बंगळूरला असतो. रोज फोनवर विचारतो, जेवलात का? मी सांगतो, अरे, आत्ताच पंगत उठली. खरं तर चहात बुडवलेली खारी असते.

तर मागच्या सुगीची गोष्ट. भात कापून झाला, भारे खळ्यावर आले, आणि झोडायला माणूस मिळेना. एकेकाळी आमच्या झोडणीला भावकी लोटायची. आता कुणी बंगले राखतं, कुणी हॉटेलात भांडी घासतं, कुणी कंपनीत पाळी करतं. मळणीचा ट्रॅक्टरवाला म्हणाला, “बगू आबा, फुडच्या आठवड्यात.” हेच तो मागच्या आठवड्यात म्हणाला होता. मग मी भारे सोडून खळ्यावर पसरले, आमची जुनी पांढरी मोटार काढली आणि घातली भातावर. गोल गोल, गोल गोल. बैलालासुद्धा भोवळ आली असती, पण गाडी बिचारी फिरली. मी आत बसून एकटाच ‘हो हो, हऱ्या हऱ्या’ ओरडत होतो. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

दाणा सुटला, बऱ्यापैकी सुटला. पण गाडीखालून जो पेंढा आणि ज्या लोंब्या वर ओढल्या गेल्या, त्या इंजिनाच्या पोटात जाऊन बसल्या. मी चाकं धुतली, काच पुसली. खाली वाकून कोण बघतं? गाडी पडवीत लावली, पेंढ्याच्या गंजीला खेटून. वावरातल्या उंदरांची घरं कापणीत मोडलेली. त्यांना मी आयतं छप्पर दिलं, अंथरूण दिलं आणि वर शिधाही भरून ठेवला.

आता आक्काचं सांगतो, कारण सगळं तिच्यासाठीच चाललं होतं. आक्का माझी थोरली बहीण, उर्श्याला दिलेली. नवा भात झाला की पहिला घास आमच्याकडे माहेरवाशिणीने खायचा, ही घरची रीत. आणि माहेरवाशीण आपण होऊन येत नाही, तिला आणायला मुराळी जावा लागतो. तो मुराळी मी. आता तिचे गुडघे गेलेत. लोकलमध्ये चढता येत नाही, रिक्षात कंबर धरते. तेव्हा आमच्या मोटारीची पुढची सीट मागे सरकवून तिला आणायची, असं चाललं होतं. यंदा भाच्याला फोन करून सांगितलं, रविवारी सकाळी येतो, आक्काला तयार ठेव.

रविवारी सकाळी अंघोळ करून, टोपी घालून गाडीत बसलो. किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. दिवा नाही, आवाज नाही. बॉनेट उघडलं तर आत दुसरं खळंच! पेंढ्याचं गुबगुबीत घरटं, भाताची टरफलं, आणि जिथे तिथे वायरी सोलून आतलं तांबं उघडं पडलेलं.

भाच्याला फोन लावला. “अरे, उंदरांनी गाडी खाल्ली.”

तो म्हणाला, “मामा, मागच्या टायमाला रानडुकरानं टायर फोडलं व्हतं ना?”

“ते निराळं. हे खरं आहे.”

“आमची जीप भाड्यानं गेलीय, न्हाई तर मीच आणलं असतं तिला.”

मागून आक्काचा आवाज आला, “काय म्हणतोय? न्हाई येत? ऱ्हाऊ दे मग. त्याला म्हणावं, उगं उंदरावर घालू नगंस.”

फोन बंद झाला. जन्मभर मी माणसांना हत्ती विकले आणि त्यांनी हसत घेतले. आज एक खरा उंदीर घेऊन उभा राहिलो तर घ्यायला कुणी तयार नाही. त्याहून वाईट म्हणजे, ती ओट्यावर बसून काय समजत असेल ते मला उमगलं. भावजय गेली, आता आपल्याला कोण नेतंय.

कामशेतच्या मिस्त्रीला गाठलं. रविवार असल्यामुळे तो खंडाळ्याच्या चढाला क्लच जाळून बसलेल्या पर्यटकांच्या सेवेत होता. दुपार कलल्यावर मोटरसायकलवरून आला. बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि हसायलाच लागला.

“आबा, गाडी बंद पडली म्हणालता. ही तर नांदती हाय की!”

“वायरी कशाला खाव्यात रे त्यांनी? शेजारी भात होता ना?”

“दात वाढत्यात त्येंचे, कायतरी कुरतडाय लागतं. पर ह्या लोंब्या आत कशा आल्या?”

“वाऱ्यानं,” मी म्हणालो.

“लय शिस्तीचं वारं हाय तुमच्याकडं. बरोब्बर इंजनाच्या पोटात नेऊन ठिवल्यात.”

त्याने घरटं उपसलं, तुटक्या वायरींना तुकडे जोडून काळी पट्टी गुंडाळली. हळूहळू दिव्यात जीव आला, मग इंजिनात. “हे टेंपरवारी हाय,” तो म्हणाला. “वायरिंग समदं बदलावं लागंल. तवर गाडी रोज हलवा, पेंढ्याजवळ लावू नका आन्‌ बॉनेट उघडं ठिवा. उजेड आसला की उंदीर बसत न्हाई. आनी डावीकडं वळताना वायपर फिरंल, त्याला घाबरू नका. त्याचं कुणाशी लग्न लागलंय ते सवडीनं बगतो.”

काढलेल्या वायरींचे तुकडे मी पिशवीत भरले आणि निघालो.

उर्श्याला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आक्का ओट्यावर भिंतीला टेकून बसलेली. ठेवणीतलं लुगडं नेसलेली, शेजारी कपड्यांची पिशवी गाठ मारून ठेवलेली. सकाळपासूनची.

“सोडलं व्हय उंदरांनी?” ती माझ्याकडे न बघताच म्हणाली.

मी पिशवी तिच्या मांडीवर ओतली. तिने तुकडे बोटांनी चाचपले. “पक्कडीनं तोडल्यात.”

“आक्का, आईच्यान खरं!”

“भावजयीमागारी आता कुणाला इचारायचं रं, कितपत खरं ते? ती असती तर चार दिस आधी मला फोन आला असता. तू केलास तो पोराला. मला न्हाई.”

मी तिच्या मांडीवरचे तुकडे गोळा करून पुन्हा पिशवीत भरले. म्हणालो, “हे बघ, तुला न्यायचं नसतं तर मी उंदरावर भागवलं असतं का? एवढी भिकार थाप? बिबट्या तरी आडवा घातला असता. दरड पाडली असती. निदान गाडी धरणात बुडवली असती!”

आक्काने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तोंडाशी पदर गेला.

“त्ये बी खरंच म्हणा,” ती म्हणाली. “हात दे. गुडघा धरलाय.”

गावातून बाहेर पडताना डावीकडे वळलो आणि कोरड्या काचेवर वायपर करकर करत नाचायला लागला. आक्का हसली ती टोलनाका मागे पडला तरी हसतच होती. पुढे प्रत्येक डाव्या वळणाला हात वर करून म्हणायची, “आला बग, आला बग!” मीही एक-दोन वळणं उगीचच घेतली.

घरी आल्यावर तिला देवळीपाशी बसवलं. नव्या तांदळाचा पहिला भात आमच्याकडे मंडळीच रांधायची. मी नुसता आयता बसलेलो. यंदा मीच कुकर लावला. देवाला नैवेद्य दाखवला, आक्काला वाढला. वर तूप, कडेला मीठ. तिने घास घेतला, डोळे मिटून सावकाश चावला.

“कसा झालाय?”

“झक्कास. तिच्या हातचाच जणू.”

मग मला काय हवं होतं! मी ताट समोर ठेवून उंदरांची गोष्ट आरंभली. भारे, खळं, गोल फिरणारी गाडी, उंदरांनी बॉनेटखाली मांडलेला संसार, त्यांच्यातली वरात, बँडवालेसुद्धा. आक्का हुंकार देत जेवत राहिली. मागून भात घेतला आणि ताट बोटाने निपटलं. माझ्या ताटाला हात लागायच्या आत तिला भिंतीशीच डुलकी लागली. तिला अंथरुणावर निजवलं आणि तसाच आडवा झालो. कुणीतरी घरात श्वास घेतंय, हे ऐकत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उर्श्याला पोचवलं. ओट्यावर बसून ती म्हणाली, “फुडल्या साली मला फोन कर. पोराला न्हाई.” हो म्हणालो. परतताना डावीकडे वळलो की वायपर फिरायचा. शेजारची सीट मागे सरकवलेलीच होती.

गाडी अंगणात उन्हात लावली, बॉनेट उघडं टाकलं आणि घरात आलो. कालचं माझं ताट तसंच झाकलेलं होतं. उभ्या उभ्याच घास घेतला. नव्या तांदळाला पाणी कमी लागतं म्हणून मी जे हात आखडून घातलं होतं, त्याने भात आतून कच्चाच राहिला होता. दाताखाली कचकच वाजेल एवढी कणी होती.

आक्काला खालचे चार सोडले तर दातच नाहीत.