शेजारच्या चॅम्पियनबाईंचा राग

रागावण्याची जागतिक स्पर्धा कुणी भरवली असती, तर माउंट रॉस्किल या उपनगरातल्या आमच्या शेजारच्या चिनी बाईंनी ती एकही गेम न गमावता जिंकली असती. खरीखुरी जागतिक स्पर्धाही त्यांनी जिंकलेली होती, टेबल टेनिसची, तरुणपणी. पण ते आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. दोन हजार पाचच्या आसपास आम्ही पुण्याहून या परक्या देशात येऊन त्या भाड्याच्या घरात राहायला लागलो, तेव्हा एवढंच दिसलं, की कुंपणापलीकडच्या गॅरेजमध्ये टेबल उभं आहे आणि गाडी बाहेर पावसात भिजते आहे.

बाई कशावरही रागावत. टेबल टेनिसचा बॉल मोठा केला म्हणून रागावत, एकवीस पॉइंटांची गेम अकरावर आणली म्हणून रागावत, आणि हे सांगताना माझ्याकडे अशा बघत, की ती मीच आणली असावी. आपल्या झाडाचे पेरूसारखे फिजोआसुद्धा रागानेच देत. पिशवी कुंपणावरून आमच्या अंगणात आदळत आणि दुसऱ्या दिवशी खाल्ले का म्हणून उलटतपासणी घेत. पेन धरावं तशी बॅट धरण्याची त्यांची सवय इतकी मुरलेली, की झारा, खुरपं आणि टूथब्रशही त्या तसाच धरत. सर्व्हिस करण्याआधी नेटजवळ टेबलाच्या कडेला तळहात पुसायचा, ही दुसरी सवय. आमच्याकडे आल्या की बटाटेवडा उचलण्याआधीही हात आमच्या डायनिंग टेबलाला पुसला जाई. दर गुरुवारी त्या चर्चच्या हॉलमध्ये मुलांना शिकवत. एकदा एका बापाने हरलेल्या मुलाची पाठ थोपटून ‘गुड ट्राय, स्वीट ॲज’, म्हणजे इथल्या बोलीत ‘झकास’, असं म्हटलं. बाईंनी त्यालाच टेबलाशी उभं केलं आणि त्याचं ‘स्वीट ॲज’ पार निघून जाईपर्यंत पिदडला. ‘आई, शी इज हीप्स स्केअरी,’ म्हणजे भलत्याच भीतिदायक, असं माझी मुलगी म्हणायची, पण गुरुवार चुकवायची नाही.

मग माझे वडील सहा महिन्यांसाठी आमच्याकडे राहायला आले. आप्पा बँकेतून निवृत्त झालेले, आणि बँकेच्या रिक्रिएशन हॉलमध्ये जेवणाच्या सुट्टीत उभी हयात टेबल टेनिस खेळलेले. आठवडाभरात ते बाईंच्या गॅरेजमध्ये रुजू झाले. बाईंचा उजवा खांदा खेळून खेळून कायमचा गेला होता, म्हणून त्या डाव्या हाताने खेळायला नव्याने शिकल्या होत्या. चॅम्पियनचा डावा हात आणि बँक ऑफिसरचा उजवा हात यांत फारसा फरक नव्हता. तरी आप्पा रोज हरत आणि आनंदात घरी येत. दोघांना समाईक असं इंग्रजी अगदी थोडं. नेटला लागून पॉइंट मिळाला की आप्पा ‘सॉरी’ म्हणत, आणि बाई त्या सॉरीवरही रागावत.

आप्पांच्या परतीच्या आठवड्यात मी चहा घेऊन गॅरेजमध्ये गेले, तर आप्पा चक्क जिंकायला आले होते. एकच पॉइंट हवा होता. बाईंचा बॉल उंच आला, माझ्यासारखीनेही मारला असता असा. आप्पांनी तो हलकेच नेटमध्ये घातला. आमच्या घरची रीतच तशी. ज्यांच्या घरी चहापाणी झालं, त्यांना हरवून निघायचं नाही. व्याह्यांबरोबर कॅरम खेळताना आप्पा शेवटची सोंगटी अशीच हुकवतात. मला तर ते फार गोड वाटलं. बाईंनी बॅट टेबलावर ठेवली. आम्हाला बाहेर काढून त्यांनी शटर ओढलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा माफी मागायला गेले, मला दुभाषी म्हणून घेऊन. तेव्हा बाईंनी आपल्या मोडक्या इंग्रजीत जे सांगितलं, ते असं: “सेमीफायनलला समोर माझीच मैत्रीण होती. आम्ही एकाच खोलीत राहायचो. फायनलला येणाऱ्या परदेशी मुलीला माझी सर्व्हिस झेपत नाही, म्हणून कोचने मैत्रिणीला सकाळी सांगितलं, तू हर. ती इतकी छान हरली की मलासुद्धा कळलं नाही. पदक गळ्यात पडल्यावर तिनेच सांगितलं. ते पदक कुणाचं, मला अजून माहीत नाही. आणि काल तुम्ही मला तसलंच आणखी एक दिलंत.”

मैत्रिणीशी एक खरी मॅच खेळू द्या म्हणून त्यांनी पुष्कळ विनवलं होतं. कोचने ती होऊ दिली नाही, आणि पुढे ती मैत्रीण खेळच सोडून गेली. ऐकून माझं डोकं असं फिरलं, की तो कोच समोर असता तर मी त्याला त्याच टेबलावर आडवा केला असता. फुलं दिली, टाळ्या दिल्या, आणि एकीचं जिंकणं नि दुसरीचं हरणं, दोन्ही चोरलं. वर त्या लोकांना वाटलं असणार, चॅम्पियन झाली, हिला आता काय कमी आहे!

आप्पांनी स्वेटर काढला. “पहिल्यापासून खेळू,” ते म्हणाले. “सॉरी म्हणणार नाही.”

आणि आमचे सज्जन आप्पा अतिशय दुष्टपणे खेळले. बाईंच्या दुखऱ्या खांद्याकडे मारत राहिले, त्या मागे सरकल्या की बॉल नेटपाशी टाकत राहिले. बाईही जीव तोडून लढल्या, आणि हरल्या. खऱ्या हरल्या. स्वतःच्या डाव्या हाताला त्यांनी चिनी भाषेत मनसोक्त शिव्या घातल्या. मग तो नेटजवळ टेबलाला पुसून आप्पांपुढे धरला. पुढच्या वर्षी परत, असं बजावलं. आप्पांनी मान डोलावली. त्या दिवशी मी बाईंना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

पुढच्या वर्षी आप्पा आले नाहीत. तिकीट काढायच्या आधीच पुण्यात वारले. ऑफिसातल्या लोकांनी फुलं आणली, मऊ आवाजात बोलले, आणि मी सगळ्यांना थँक यू म्हणत राहिले. बाईंना कुंपणावरून सांगितलं, तर त्या भयंकर संतापल्या. “मॅच बाकी होती,” त्या म्हणाल्या. “मला हरवून असं कुणी निघून जातं का?” त्या आप्पांवर रागावत राहिल्या, आणि मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडू फुटलं. मग बोलता बोलता त्यांनी डावा हात कुंपणाच्या फळीला पुसला आणि मॅच संपल्यावर धरतात तसा माझ्यापुढे धरला. आप्पांच्या वतीने मी तो हातात घेतला.