शनिवारच्या टिपणाची तारीख

त्यांना सगळे ‘कालचे’ म्हणत. खरं आडनाव पगारपत्रकावर असेलच, पण ते वाचायला कोण जातंय! तीस वर्षं ते छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक उचलून वर्तमानपत्राची पानं उभी करायचे. पानावरची तारीख ते सगळ्यात शेवटी बसवत आणि बसवली की बोट टेकवून दोनदा वाचत. इतकं करूनही एकदा पहिल्या पानावर आदल्या दिवसाची तारीख तशीच राहिली आणि आठ हजार अंक घरोघर गेले. तीस वर्षांच्या बरोबर तारखा कुणाच्या लक्षात राहिल्या नाहीत, ती एक चूक मात्र जन्माची चिकटली. त्या दिवशी साहेब ओरडले, दूधवाला हसला. बायको तेवढी शांतपणे म्हणाली, “अहो, सगळ्यांना एक दिवस फुकटात जास्त मिळाला. बिघडलं काय?”

छापखाना बंद पडल्यावर ते वाचनालयात लागले. फाटकी पुस्तकं शिवायची, परतीच्या तारखेचे शिक्के मारायचे. पुढे वाचनालयाची वेबसाइट निघाली, तेव्हा ग्रंथपाल बाईंनी तीही त्यांच्याच गळ्यात मारली. अक्षरंच तर जुळवायची आहेत, तुम्हाला काय अवघड, असं बाईंचं म्हणणं. त्यांनीही कुरकुर करत शिकून घेतलं.

बायको पट्टीची वाचणारी. दर शनिवारी ती एखाद्या पुस्तकावर दोन पानं लिहून द्यायची आणि हे ती टाइप करून तिच्या नावाने साइटवर चढवायचे. चढवण्याआधी दोघांचं एकदा वाजायचंच, कारण हे तिची विशेषणं कापायचे. खिळे कमी पडले का तुमचे, असं ती विचारायची. मग अर्धी विशेषणं परत यायची.

एका शनिवारी तिने दीपगृहाच्या रखवालदारावरच्या एका कादंबरीबद्दल लिहिलं. वाचनालयाच्या प्रतीची शेवटची नऊ पानं गहाळ होती. त्या रखवालदाराचं पुढे काय झालं हे कुणाला ठाऊक असेल तर मला जरूर कळवा, असं तिने शेवटी लिहिलं होतं. तीन दिवसांनी, मंगळवारी सकाळी, चहाचा कप घेऊन ती खुर्चीत बसली आणि बसल्या जागीच गेली. चहा सांडलासुद्धा नाही.

कालचे कामावर परतले तेव्हा त्या टिपणाखाली ‘१७ दिवसांपूर्वी’ असं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी १८. मोजायला कुणी सांगितलं होतं त्या यंत्राला? पुढे ‘एका महिन्यापूर्वी’ असं आलं आणि ते बरेच दिवस हललं नाही. त्यांना तेवढंच बरं वाटायला लागलं होतं. मग एका सकाळी ते एकदम ‘दोन महिन्यांपूर्वी’ झालं. रात्रीत कुणीतरी तिला उचलून महिनाभर लांब नेऊन ठेवलं होतं. त्यांनी पडद्यावर हात ठेवून ती ओळ झाकली.

तारीख कशी दाखवायची याचे चार पर्याय साइटवर होते. आकड्यांत, अक्षरांत, ‘इतक्या दिवसांपूर्वी’, आणि शेवटचा, ‘तारीख दाखवू नका’. साधी तारीख ठेवावी असं त्यांच्या मनात आलं, पण तीही रोज जुनीच होत गेली असती. त्यांनी शेवटचा पर्याय निवडला. आता तिने ते टिपण कालही लिहिलेलं असू शकत होतं.

चुकीला शिक्षा लगेच झाली असती तर बरं झालं असतं. सहा-सात महिन्यांनी एका वाचक बाईंनी साइटवर लिहायला सुरुवात केली. निवृत्त नर्स होत्या, एकट्या राहत. रोज एक टिपण वाचत आणि खाली काहीतरी विचारत. पहिल्या प्रश्नाला कालचेंनी सवयीने उत्तर दिलं. ते बायकोच्या नावाने गेलं, कारण टिपणांचं खातं तिचंच होतं. दुरुस्त करता आलं असतं. त्यांनी केलं नाही. पुढची उत्तरं तर ते विशेषणं घालून देऊ लागले. दोन महिन्यांनी नर्सबाईंनी कळवलं, तुमच्यासाठी एक वस्तू मिळाली आहे, भेटायला येते. कालचेंनी लिहिलं, “जरूर या. वाट बघते.”

नर्सबाई दोन बस बदलून आल्या. कालचे तेव्हा एका शब्दकोशाची पाठ शिवत होते. बाईंनी टिपणं लिहिणाऱ्या ताई कुठे बसतात ते विचारलं आणि पिशवीतून एक लिफाफा काढला. आत नऊ पानांच्या झेरॉक्स होत्या. कुठल्या कुठल्या वाचनालयांत फोन करून त्यांनी त्या मिळवल्या होत्या.

आता खोटं बोलायची सोयच उरली नव्हती. ती माझी बायको आणि ती आता नाही, असं कालचेंनी सुई हातात धरूनच सांगितलं.

“कधी गेल्या?”

“गेल्या मंगळवारी अकरा महिने झाले.”

बाई खुर्चीत बसल्या.

“मग ‘वाट बघते’ कुणी लिहिलं?”

“मी.”

त्या आवाज चढवतील, असं कालचेंना वाटलं होतं. तसं झालं नाही.

“बत्तीस वर्षं मी वॉर्डात काढली. माणूस गेलं की आधी घड्याळ बघून वेळ लिहायची, मग घरच्यांना सांगायचं. नवी होते तेव्हा हे फार कोरडं वाटायचं. पण ती वेळ कळली ना, की माणसं तिथे बसून रडतात. मी दोन महिने त्यांच्याशी बोलत होते. मला वेळेवर रडूही दिलं नाहीत तुम्ही.”

आपणही अजून धड रडलेलो नाही, हे कालचेंना त्या क्षणी कळलं आणि ते त्या परक्या बाईसमोर, मांडीवर शब्दकोश तसाच ठेवून, हमसून हमसून रडले. बाईंनी त्यांच्या हातातली सुई काढून टेबलावर ठेवली.

त्या गेल्यावर कालचेंनी ती नऊ पानं कादंबरीला शिवून टाकली. मग ते संगणकापुढे बसले. ‘अक्षरांत तारीख’ निवडताच दीडशे टिपणांखाली दीडशे शनिवार परत आले. शेवटच्या टिपणाखाली त्यांनी दोन ओळी जोडल्या. गहाळ पानं मिळाली आहेत. हे लिहिणारी मात्र आता आपल्यात नाही.

ती गेली तो मंगळवार त्यांनी नेहमीप्रमाणे सगळ्यात शेवटी घातला, महिन्या-वर्षासकट. मग पडद्यावर बोट टेकवून दोनदा वाचला. तारीख बरोबर होती.